वाहनाच्या रंगाची राखण : पॉलिश कोठे, मेण कोठे?

आंब्याला मोहोर आला की बागेत उभ्या केलेल्या वाहनाचे बॉनेट सायंकाळपर्यंत हाताला चिकट लागू लागते. मोहोरातील तुडतुडे रस शोषून घेतात आणि त्यातील जादा साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. पानांवर पडलेल्या या चिकट स्रावावर पुढे काळी बुरशी वाढते, हे आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. तोच स्राव झाडाखालील ट्रॅक्टर, जीप वा दुचाकीवरही पडतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वी तुडतुड्यांच्या सर्वेक्षणासाठी माझे स्वतःचे वाहन अशाच एका बागेत सलग काही दिवस उभे होते. वाळलेले डाग मी कोरड्या फडक्याने घासले. ते निघेनात, म्हणून बाजारातून रबिंग कंपाऊंडची डबी आणून जोर लावला. डाग गेले, बॉनेट क्षणभर चमकलेही. परंतु बॉनेटच्या कडेवर रंगाखालचा प्राइमर उघडा पडला. पुढच्या पावसाळ्यात त्याच कडेवर गंजाची रेघ उमटली. ज्या कीटकांचा मी अभ्यास करीत होतो, त्यांनी केलेले नुकसान किरकोळ होते; मोठे नुकसान माझ्या हाताने केले होते. पॉलिश आणि मेण यांतील भेद न जाणल्याचा तो परिणाम होता.

ट्रॅक्टर, मळणी यंत्र, फवारणी यंत्र ही आज शेतकरी कुटुंबाची मोठी गुंतवणूक आहे. रंग हा तिच्यावरील केवळ शोभेचा थर नसून पत्रा आणि गंज यांच्यामधील एकमेव भिंत आहे. ही भिंत कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कीटकाच्या त्वचेतील धडा

कीटकाचे शरीर लहान आणि त्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे शरीरातील पाणी उडून जाण्याचा धोका त्याला सतत असतो. यावर निसर्गाने योजलेला उपाय म्हणजे बाह्यत्वचेवरील मेणाचा अतिशय पातळ थर. त्याची जाडी एका मायक्रॉनचा काही अंश इतकीच असते. परंतु तो शाबूत असेपर्यंत कीटक कोरड्या धान्याच्या कोठारातही तग धरतो.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे स्पष्ट दाखविले. अ‍ॅल्युमिना या अत्यंत बारीक व कठीण भुकटीवर कीटक वावरला की त्याच्या त्वचेवरील मेण खरवडले जाते आणि तो शुष्क होऊन मरतो. आपल्याकडे कडधान्यात राख मिसळून ठेवण्याच्या परंपरेमागेही अंशतः हेच तत्त्व आहे. राखेचे कण भुंगेऱ्याच्या त्वचेवरील मेण खरवडतात व शोषून घेतात.

वाहनाच्या पॉलिशमध्ये घर्षणासाठी जे कण घातलेले असतात, त्यांत हेच अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, प्रामुख्याने वापरले जाते. हे ध्यानात घेतले की सारा विषय उलगडतो. पॉलिश खरवडते, मेण झाकते. पॉलिशने काही काढून घेतले जाते; मेणाने काही वर चढविले जाते. दोन्ही डब्यांवर चमकदार वाहनाचेच चित्र असले, तरी त्यांची कामे परस्परविरुद्ध आहेत.

रंगाचे थर आणि त्यांची जाडी

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर साधारणतः गंजरोधक लेप, प्राइमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असे लेप असतात. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे साध्या छपाईच्या एक-दीड कागदाएवढी भरते. त्यापैकी क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. सूर्याच्या अतिनील किरणांना अडविणारी द्रव्ये या थरात असतात. म्हणून तो झिजला की खालचा रंग झपाट्याने फिका पडतो.

अनेक ट्रॅक्टर व अवजारांवर मात्र क्लिअर कोट नसतो. तेथे रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा बंधक एकाच थरात मिसळलेले असतात. उन्हाने बंधक विघटित होतो, रंगद्रव्याचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर हात फिरविल्यास खडूसारखी भुकटी बोटांना लागते. जुना लाल ट्रॅक्टर गुलाबी दिसू लागतो, तो यामुळेच.

आपल्या वाहनावर क्लिअर कोट आहे किंवा नाही, हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी : कोपऱ्यातील, सहज न दिसणारी तळहाताएवढी जागा स्वच्छ धुवून कोरडी करावी. पांढऱ्या मऊ फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन ती हलकेच घासावी. फडक्याला वाहनाचा रंग लागल्यास थर एकेरी आहे, असे समजावे. रंग न लागल्यास वर बहुधा क्लिअर कोट आहे. क्लिअर कोट असल्याची शक्यता असून फडक्याला रंग लागला, तर तो त्या जागी संपलेला आहे. तेथे पॉलिश थांबविणेच श्रेयस्कर.

पॉलिश हवे की मेण? तीन कसोट्या

पिकावर कीड दिसताच फवारणी न करता प्रथम निरीक्षण करावे आणि आर्थिक नुकसानीची पातळी पाहावी, असे आपण सांगतो. वाहनाच्या रंगाबाबतही हाच क्रम योग्य आहे.

पहिली कसोटी पाण्याची. धुतलेल्या बॉनेटवर पाणी शिंपडावे. पाण्याचे गोल, उंच थेंब होऊन ते ओघळत असतील, तर मेणाचा थर शाबूत आहे. पाणी पसरट होऊन पत्र्यावर तसेच राहत असेल, तर मेण संपले आहे. अशा वेळी पुन्हा मेण लावणे एवढेच काम असते. पॉलिशची गरज असेलच असे नाही.

दुसरी कसोटी स्पर्शाची. धुवून वाळविलेल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे हलकेच फिरवावीत. उघड्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा अशा रीतीने स्पष्ट कळतो. खरखर असल्यास धूळ, लोखंडाचे कण, डांबर वा झाडाचा चीक रंगाला चिकटून बसला आहे. तो काढल्याविना लावलेले मेण नीट धरत नाही.

तिसरी कसोटी दृष्टीची. उन्हात तिरकस पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, धुरकटपणा किंवा खडूसारखी भुकटी दिसत असेल, तरच पॉलिशचा विचार करावा. ओरखड्यात नख अडकत असेल, तर तो पॉलिशने जाणार नाही. तो घालविण्याच्या हट्टापायी सभोवतालचा निरोगी थर गमवावा लागतो. पत्रा उघडा पडून गंज दिसत असेल, तर पॉलिश व मेण दोन्ही निरुपयोगी आहेत. तेथे गंज घासून काढून प्राइमर व रंग लावावा.

थोडक्यात, मेण वर्षातून अनेकदा चालेल. पॉलिश गरज सिद्ध झाल्याशिवाय करू नये. प्रत्येक पॉलिशगणिक रंगाची जाडी कमी होते आणि ती परत येत नाही.

बाजारातील डब्या कशा ओळखाव्यात

दुकानात 'पॉलिश' हा शब्द सैलपणे वापरला जातो. त्यामुळे नावापेक्षा डबीवरील वर्णन वाचावे. 'कंपाऊंड', 'कट', 'स्क्रॅच रिमूव्हर' असे शब्द असल्यास त्यात घर्षण करणारे कण आहेत. 'क्लीनर वॅक्स' अथवा एकाच डबीत पॉलिश व मेण दोन्ही असल्याचा उल्लेख असल्यास सौम्य कण आणि मेण यांचे मिश्रण असते. एकेरी थराच्या, किंचित फिक्या पडलेल्या ट्रॅक्टरसाठी ते वर्षातून एकदा सोयीचे ठरते. केवळ 'वॅक्स' वा 'सीलंट' म्हटलेल्या उत्पादनांत बहुधा घर्षणकण नसतात. तरीही सूचना वाचून खात्री करावी. 'डॅशबोर्ड पॉलिश' ही वस्तू प्लॅस्टिकसाठी असून तिच्यात बहुधा सिलिकॉन तेल असते. ती रंगावर वापरू नये. ज्या भागाला लवकरच नवा रंग द्यावयाचा आहे, तेथे सिलिकॉनयुक्त काहीही लावू नये. त्याचा अंश राहिल्यास नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

संरक्षक लेपांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे :

कार्नोबा मेण : ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर हे मेण साठते. पाने वाळवून, झोडपून ते वेगळे केले जाते. नैसर्गिक मेणांमध्ये हे अतिशय कठीण असून ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. एकटे वापरल्यास ठिसूळ असल्याने त्यात इतर मेणे व द्रावक मिसळतात. आपल्या उन्हात त्याचा थर काही आठवडे ते दोनेक महिने टिकतो, असे धरून चालावे.

मधमाश्यांचे मेण : सुमारे दोन आठवडे वयाच्या कामकरी माशीच्या उदरावरील चार जोड ग्रंथींतून हे पाझरते. ते ६२ ते ६४ अंशांस वितळते. उन्हाळ्यात गडद रंगाचा पत्रा या तापमानापर्यंत सहज पोहोचतो. म्हणून बॉनेटवर केवळ मधमाश्यांचे मेण लावल्यास ते मऊ पडून धूळ धरते. पेस्ट वॅक्सला लवचिकपणा देणारा सहायक घटक म्हणून मात्र ते उपयुक्त आहे.

कृत्रिम सीलंट : ही बहुवारिकांवर आधारलेली द्रवरूप उत्पादने असतात. ती रंगाला अधिक घट्ट धरतात आणि साधारण चार ते सहा महिने टिकतात. सतत उन्हापावसात राहणाऱ्या यंत्रांसाठी, श्रम व खर्च यांचा मेळ घालता, बहुतेक शेतकऱ्यांना हाच पर्याय परवडेल.

सिरॅमिक कोटिंग : सिलिकावर आधारलेला हा कठीण थर वर्षभर वा त्याहून अधिक टिकू शकतो. तथापि तो लावण्यापूर्वीची तयारी कौशल्याची असते आणि खर्चही मोठा येतो. शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरला फांद्या, दोर व मातीचे ओरखडे नित्याचे असल्याने हा खर्च क्वचितच सार्थकी लागतो.

लाखेविषयी येथे खुलासा आवश्यक आहे. केरिया लॅका या कीटकाने पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर तयार केलेली लाख ही भारताची जुनी संपदा आहे. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. झारखंड व छत्तीसगडप्रमाणेच महाराष्ट्रातील गोंदिया व गडचिरोली भागांतही लाखेचे उत्पादन होते. लाकडी सामानाला चपडा लाखेचे पॉलिश उत्तम शोभते. मात्र चपडा अल्कोहोलात आणि साबणासारख्या अल्कधर्मी द्रावणात विरघळतो व पाण्याने पांढरट पडतो. त्यामुळे उघड्यावरील वाहनाच्या रंगावर त्याचा प्रयोग करू नये.

मेण लावण्याची पद्धत

१. वाहन सावलीत उभे करावे. तळहाताची मागील बाजू पत्र्याला लावून तो थंड असल्याची खात्री करावी. तापलेल्या पत्र्यावर द्रावक झटकन उडतो आणि मेण डागाडागांनी वाळते.

२. प्रथम भरपूर पाण्याने माती व धूळ वाहू द्यावी. कोरडे फडके कधीही फिरवू नये. शेतातील धुळीत वाळूचे कण असतात व ते रंगाहून कठीण असतात.

३. दोन बादल्या घ्याव्यात : एकीत वाहनासाठीच्या शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खंगाळण्यासाठी साधे पाणी. सामू उदासीन असलेला शॅम्पू उत्तम. कपड्यांची धुण्याची पावडर अल्कधर्मी असल्याने मेणाचा थर काढून टाकते.

४. टपाकडून खाली धुवत यावे. चाके व मडगार्डचा आतील भाग शेवटी आणि वेगळ्या फडक्याने धुवावा. नंतर मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपून कोरडे करावे.

५. पॉलिशची गरज असल्यास सर्वांत सौम्य प्रकारापासून आरंभ करावा आणि प्रथम एका लहान जागेवर परिणाम पाहावा. दीड-दोन फूट चौरसाचा एकेक भाग घ्यावा. कडा, कोपरे व उंचवटे यांवर रंग पातळ असतो. तेथे दाब देऊ नये. यांत्रिक बफर अननुभवी हाती देऊ नये.

६. मेण अगदी पातळ लावावे. जाड थराने अधिक संरक्षण मिळत नाही. ते फक्त पुसण्याचे श्रम वाढविते. हलका धूसर थर दिसेल इतपत पुरे.

७. उत्पादनाच्या सूचनेनुसार थांबावे. बोटाने हलकी रेघ ओढून पाहावी. खाली स्वच्छ चमक दिसली, तर पुसण्याची वेळ झाली. मेण लडबडले, तर आणखी थांबावे.

८. स्वच्छ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने कापड उलटत-पालटत पुसावे. सीलंट लावले असल्यास सूचनेत दिलेल्या काळापर्यंत वाहन पाण्यापासून दूर ठेवावे.

पाय ठेवण्याची पायरी, ट्रॅक्टरचा प्लॅटफॉर्म, पेडल, सुकाणू, आसन, ब्रेकचे भाग व टायर यांवर मेण वा पॉलिश चुकूनही लावू नये. घसरून होणाऱ्या अपघाताची किंमत कोणत्याही चमकेपेक्षा मोठी आहे. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या भागांवरही मेण निरर्थक असून त्याचा धूर होतो. स्थानिक गॅरेजमध्ये नव्याने रंगविलेल्या भागातील द्रावक उडून जाण्यास अवधी लागतो. तेथे रंग देणाऱ्याने सांगितलेली मुदत, साधारण एक ते दोन महिने, उलटल्याविना मेण लावू नये.

डिझेल आणि जळके ऑइल : एक घातक सवय

ट्रॅक्टर चमकविण्यासाठी डिझेल, रॉकेल किंवा इंजिनातून काढलेले जळके ऑइल फडक्याने फिरविण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. चमक येते हे खरे. परंतु ती तेलाच्या ओल्या थराची असते. डिझेल व रॉकेल असलेले मेण विरघळवितात आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ साचून पुढच्या पुसण्यात तीच ओरखडे पाडते. रबरी नळ्या व सील यांनाही ते अपायकारक आहे. जळक्या ऑइलमध्ये कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी संयुगे असतात. ते उघड्या हाताने लावणे आणि पावसाच्या पाण्याबरोबर शेतात जाऊ देणे, दोन्ही टाळावे. विस्तार कार्यकर्त्यांनी या मुद्द्यावर आवर्जून बोलावे, अशी माझी विनंती आहे.

कीटक आणि पक्ष्यांचे डाग

तुडतुडे, मावा व पिठ्या ढेकूण यांचा चिकट स्राव ताजा असताना साध्या पाण्याने विरघळतो, कारण तो प्रामुख्याने शर्करांचा असतो. वाळल्यानंतर मात्र उन्हात तापून मऊ झालेल्या रंगाला तो घट्ट पकडतो. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असून तिच्यात पाचक विकरांचे अंशही असतात. ती उन्हात राहिल्यास क्लिअर कोटवर कायमचा खळगा पडू शकतो.

आग्या मोहोळाच्या वा मधपेट्यांच्या परिसरात वाहनावर पिवळे ठिपके पडतात. ती मधमाश्यांची विष्ठा होय. तिच्यात परागकणांची टणक कवचे असतात. १९८१ मध्ये आग्नेय आशियातील अशाच पिवळ्या ठिपक्यांना अमेरिकी शासनाने रासायनिक अस्त्र ठरविले होते. पुढे मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाशीतज्ज्ञ थॉमस सीली यांनी नमुने व प्रत्यक्ष निरीक्षणे यांच्या आधारे ती माश्यांची विष्ठा असल्याचे दाखविले. आपल्यासाठी त्यातील व्यावहारिक बोध एवढाच : हे ठिपके कोरडे घासू नयेत आणि त्यांच्या रागाने मोहोळ जाळू नये. ज्या माश्या बॉनेट डागाळतात, त्याच कांद्याच्या बीजोत्पादनात आणि सूर्यफुलाच्या शेतात परागीभवन घडवितात.

या सर्व डागांवर उपाय एकच. कापड कोमट पाण्यात भिजवून डागावर दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ झालेला डाग न रगडता उचलून घ्यावा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे तोही असाच निघतो. मेणाचा थर शाबूत असल्यास डाग रंगाऐवजी मेणावर बसतो आणि मेणासह निघून जातो. स्वतः झिजून रंगाला वाचविणे, हेच मेणाचे कार्य आहे.

चकाकीची दुसरी बाजू

कीटकशास्त्रज्ञ या नात्याने एक बाब नमूद करणे कर्तव्य वाटते. पाण्यात अंडी घालणारे अनेक कीटक पाण्याचा शोध त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवित प्रकाशावरून घेतात. गडद, गुळगुळीत व चकचकीत पत्राही तसाच प्रकाश परावर्तित करतो. हंगेरीतील गाबोर होर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल व काळ्या वाहनांकडे जलकीटक का आकर्षित होतात, याचे स्पष्टीकरण याच आधारे दिले. चतुराची मादी अशा बॉनेटला डबके समजून त्यावर अंडी घालते. ती अंडी उन्हात करपून जातात.

नुकसान दुहेरी आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी २००० मध्ये दाखविले की तापलेल्या पत्र्यावरील चतुराच्या अंड्यांतून गंधकयुक्त आम्ले निर्माण होतात आणि क्लिअर कोटवर आम्लवर्षेसारखा परिणाम होतो. दुसरीकडे, चतुर हा आपला मित्रकीटक आहे. त्याची पाण्यातील पिल्ले डासांच्या अळ्या खातात आणि प्रौढ चतुर भातखाचरावर उडणाऱ्या लहान कीटकांची शिकार करतो. म्हणून भातखाचर, शेततळे वा ओढ्यालगत गडद व चकचकीत वाहन दिवसभर उभे करू नये. नाइलाज असल्यास बॉनेटवर सुती कापड अंथरावे. ते स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावरच घालावे, अन्यथा खालची धूळ ओरखडे काढते. अवजारांना आरशासारख्या चकाकीची आवश्यकताही नसते. त्यांना संरक्षणाची आवश्यकता असते.

फवारणी यंत्र व खत पेरणी यंत्र : आधी सुरक्षितता

फवारणी करून आलेल्या ट्रॅक्टरवर कीटकनाशकाचा अदृश्य अंश असतो. तो पुसणारी व्यक्ती पुष्कळदा घरातील मुलगा किंवा सालगडी असतो आणि त्याच्या हातात मोजे नसतात. म्हणून मेणाचा विचार करण्याआधी यंत्र शेतातच, विहीर व ओढ्यापासून दूर, हातमोजे घालून स्वच्छ पाण्याने धुवावे. त्यासाठी वापरलेले फडके घरच्या कपड्यांत धुवू नये. खत पेरणी यंत्रावर युरिया, पालाश वा अमोनियम सल्फेट यांचे कण राहिल्यास ते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि उघड्या पत्र्यावर गंज वेगाने वाढवितात. हंगाम संपताच यंत्र धुवून, वाळवून, रंगविलेल्या भागांवर मेणाचा एक हात द्यावा. जमिनीशी घासणाऱ्या फाळ-दात्यांना मेणाऐवजी ग्रीस लावावे.

घरचे मेण घरीच उपयोगी

मधपेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्यांकडे जुन्या पोळ्यांचे मेण पुष्कळदा वाया जाते. वाहनाच्या बॉनेटसाठी ते मऊ असले, तरी कुदळ-फावड्यांचे दांडे, विळे, कोयते यांसाठी उत्तम आहे. एक भाग मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. त्यानंतर चूल पूर्ण विझवून, भांडे तेथून दूर मोकळ्या हवेत न्यावे आणि मगच तीन भाग टर्पेंटाइन ढवळत मिसळावे. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्याने हा क्रम कधीही बदलू नये. निवल्यावर मऊ लेप तयार होतो. जवसाचे तेल वापरल्यास तेल लागलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत अथवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी : धुणे, तिन्ही कसोट्या, गंजलेल्या जागांची दुरुस्ती, आवश्यक तेथे सौम्य पॉलिश व त्यानंतर सीलंट वा मेण.

दसऱ्याच्या सुमारास, पावसानंतर : धुणे व मेण. खंडेनवमीला अवजारांची पूजा करण्याची आपली प्रथा आहेच. पूजेपूर्वीच्या स्वच्छतेत या कामाची भर घालावी.

जानेवारी ते मार्च, आंब्याच्या मोहोराच्या काळात : पॉलिश नाही. झाडाखाली वाहन उभे करणे टाळावे, डाग त्याच दिवशी भिजवून काढावेत आणि पाण्याची कसोटी विफल ठरल्यास मेणाचा एक पातळ हात द्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते की यंत्रांच्या देखभालीच्या प्रशिक्षणात पाण्याचे थेंब आणि पांढरे फडके या दोन कसोट्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. दोन्हींना मिळून पंधरा मिनिटेही लागत नाहीत. माझ्या वाहनाच्या बॉनेटवरील ती कड मी पुढे रंगवून घेतली. परंतु नव्या रंगाची छटा जुन्याशी जुळली नाही. आजही तो पट्टा वेगळा दिसतो आणि पॉलिशची डबी उघडण्यापूर्वी मला थांबवितो.